दहा किलोंचा हिशेब

सव्वा वर्षापूर्वी आमच्या ताईचे लग्न ठरले. कोटाचे माप घेताना शिंप्याने माझ्या पोटावरची टेप दोनदा तपासली, आणि त्याच रात्री मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले : 'एका महिन्यात दहा किलो कमी.' त्या वेळी माझी उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो होते. हे वजन मी रविवार पेठेत, बाबांच्या ओळखीच्या आडत दुकानात, धान्याच्या काट्यावर उभे राहून पाहिले होते.

सकाळी नुसता चहा, दुपारी काकडी आणि रात्री ताक असा क्रम सुरू झाला. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले. दुसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलेना. तिसऱ्या आठवड्यात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसलो. आज्जी म्हणाली, "पोट मारून कुणी पैलवान झालाय काय रे?" पुढे लग्नात मांडे आणि कुंदा यांच्यापुढे माझा निग्रह टिकला नाही. गेलेले तिन्ही किलो महिनाभरात घरी परतले.

माझे मनच दुबळे, असे मी धरून चाललो होतो. आमच्या शेजारच्या डॉक्टरकाकांनी मात्र कागद पुढे केला. "अरे, तू विज्ञानाचा विद्यार्थी ना? मग आधी गणित कर."

गणित असे : शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००. तीस दिवसांनी भागल्यास रोज साधारण २,५५० कॅलरींची तूट हवी. माझ्यासारख्या तरुणाचा दिवसाचा एकूण खर्चच जवळपास तेवढा! म्हणजे महिनाभर अन्नाचा कणही घ्यायचा नाही, असे ध्येय मी ठरवले होते. दोष निग्रहात नव्हता, आकड्यात होता.

मग पहिले तीन किलो गेले कसे? शरीर पिष्टमय पदार्थांचा जो साठा करते, त्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. उपासात तो साठा संपतो आणि पाणीही जाते. त्यात चरबी थोडीच असते.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत मधुमेहाचा धोका असलेल्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वजन सात टक्के कमी करणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करणे, एवढेच ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे तीन वर्षांत ५८ टक्क्यांनी कमी झाले. माझ्या बाबांना चाळिशीतच मधुमेह जडला आहे. कोटाची गोष्ट तिथेच मागे पडली.

आम्ही नवे ध्येय ठरवले : सहा महिन्यांत पाच टक्के, म्हणजे चार किलो. पण वहीत किलो लिहायचे नाहीत, कृती लिहायची. वजन काही आपल्या हुकमात नसते, चालणे असते. आठवड्यातून पाच दिवस व्हॅक्सिन डेपोवर चाळीस मिनिटे चालणे. चार चहांचे दोन चहा. रात्री एक भाकरी कमी आणि भाजी, उसळ जास्त. कुंदा फक्त रविवारी, तोही एक चमचा. कुंदा अजिबात बंद केला असता, तर बेळगावात माझे ध्येय आठवडाभरही टिकले नसते.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी. दिवसागणिक किलोभर मागेपुढे होतेच; म्हणून चार आठवड्यांची सरासरी पाहायची. शरीर हलके होते तसा त्याचा खर्चही घटतो, त्यामुळे पुढे वेग मंदावणारच. जुलैत आपल्याकडचा पाऊस चालू देत नाही, तेव्हा घरच्या जिन्यावर चढउतार केली. परीक्षेच्या महिन्यात ध्येय एवढेच की वजन वाढू नये. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी उपास करून दंड भरायचा नाही. नेहमीचा क्रम पुन्हा धरायचा.

सहा महिन्यांत साडेतीन किलो उतरले, आठव्या महिन्यात चार पूर्ण झाले. गणपती आणि दिवाळी होऊनही काटा ७८ च्या आसपासच आहे.

मित्रमैत्रिणींनो, प्रत्येकाने बारीक व्हायला हवेच असे नाही. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. भारतीयांच्या बाबतीत उत्तर २३ च्या आत असेल, तर कोणाच्या चेष्टेवरून जेवण सोडू नका. त्यापुढे असेल, तर डॉक्टरांना विचारा आणि वहीत तारखेच्या आधी गणित मांडा. माझ्या वहीचे ते शेवटचे पान मी फाडलेले नाही. 'दहा किलो' च्या खाली आता भागाकार लिहून ठेवला आहे.