टीटीच्या डोंगरावर एकटा जपानी

मोटरसायकल शर्यतींचं वेड असलेल्या मराठी माणसाला जपानी स्वारांची नावं विचारा, दाइजिरो कातो आणि नोरिफुमी आबे ही दोन लगेच येतील. कातोनं २००१ मध्ये २५० सीसी गटात एकाच मोसमात ११ शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळवलं आणि २००३ च्या एप्रिलमध्ये सुझुकाच्या अपघातानंतर दोन आठवड्यांनी तो गेला. आबेची १९९४ ची सुझुकातली झुंज पाहून पोरगेला व्हॅलेंटिनो रॉसी एवढा झपाटला की स्वतःला ‘रॉसिफुमी’ म्हणवून घेऊ लागला. या दोघांवर पुष्कळ लिहून झालंय, आणि ते योग्यच आहे. माझं मन मात्र कित्येक वर्षं तिसऱ्याच एका स्वारापाशी घोटाळतंय. त्याचं नाव मित्सुओ इतो.

मी त्याच्यापर्यंत पोचलो तो सायलेन्सरच्या वाटेनं. १९८५ नंतर आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर यामाहा आरएक्स १०० चा जो आवाज घुमू लागला, त्यानं एक अख्खी पिढी खुळावली. त्याच्या वर्षभर आधी इंड-सुझुकीची एएक्स १०० आली होती. या टू-स्ट्रोक गाड्यांची ताकद निम्मी इंजिनात आणि निम्मी नळकांड्यात असते, असं गॅरेजवाले सांगायचे. नळकांडं बदललं की गाडीचा स्वभाव बदलतो, हे त्यांना हातानं कळलेलं होतं. तो का बदलतो, हे शोधत मागे मागे गेलं की वाट पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावी जाते, तिथून जपानमधल्या हामामात्सुला आणि तिथून आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर. त्या बेटावरच्या टीटी शर्यतींच्या जुन्या निकालपत्रकांत मला इतो भेटला. खरं तर आधी त्याची गैरहजेरी भेटली.

१९६० चं १२५ सीसीचं निकालपत्रक समोर ठेवा. पहिला कार्लो उब्बियाली, एमव्ही ऑगस्टा. नजर खाली नेत जा. १५ वा तोशियो मात्सुमोतो, १६ वा मिचिओ इचिनो, १८ वा रे फे. तिघांच्या गाडीचं नाव ‘कोलेडा’, म्हणजे सुझुकीच. सुझुकी पहिल्यांदाच टीटीला आली होती आणि तिचे तिन्ही स्वार अखेरपर्यंत पोचले होते. पण जपानहून तीन जपानी स्वार निघाले होते, मग मधेच हा रे फे कुठून आला? सरावात मित्सुओ इतो पडला, जखमी होऊन रुग्णालयात गेला आणि त्याच्या गाडीवर ऐनवेळी रे फेला बसवलं गेलं. एवढ्या लांब येऊन इतोच्या वाट्याला शर्यतीची सुरुवातसुद्धा आली नाही.

१९६० च्या त्या पडण्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. इतो हा शिझुओका प्रांतातल्या इवाताचा, १९३७ च्या पहिल्या जानेवारीचा जन्म. त्या काळी जपानमध्ये शर्यत म्हणजे आसामा ज्वालामुखीच्या पायथ्याची राखेची, भुसभुशीत वाट. तिथं त्यानं सुझुकी चालवली होती. आणि आता समोर ३७.७३ मैलांचा, म्हणजे ६० किलोमीटरहून लांब एकच फेरा. गावातून, दगडी भिंतींच्या कडेनं, पुलांवरून, झाडांच्या सावलीतून स्नेफेल डोंगरावर चढणारा आणि डग्लस शहरात परत उतरणारा. दोनशेहून जास्त वळणं. १९५९ पर्यंत १२५ सीसीच्या शर्यती तिथल्याच एका छोट्या मार्गावर व्हायच्या. १९६० ला प्रथमच त्या डोंगराच्या मार्गावर आल्या. होंडानं आदल्या वर्षी छोट्या मार्गावर पदार्पण करून नाओमी तानिगुचीच्या रूपानं सहावा क्रमांक मिळवला होता. सुझुकीच्या मुलांच्या वाट्याला थेट डोंगर आला.

१९६१ हे वर्ष होंडाचं. त्या मे महिन्यात कुनिमित्सु ताकाहाशीनं हॉकेनहाइमला २५० सीसी जिंकून ग्रां प्री जिंकणारा पहिला जपानी होण्याचा मान मिळवला. टीटीत होंडानं १२५ आणि २५० दोन्ही गट खिशात घातले. सुझुकीच्या गाड्या मात्र त्या वर्षी वाटेतच बंद पडत राहिल्या. टू-स्ट्रोक इंजिन तापलं की पिस्टन सिलिंडरला घट्ट धरतो, मागचं चाक जागीच थांबतं आणि स्वार हवेत जातो. म्हणून या गाड्यांचे स्वार डाव्या हाताची बोटं कायम क्लचवर ठेवत. आवाजात बारीकसा बदल जाणवला की क्लच दाबायचा. त्याला अर्धा क्षण उशीर झाला तर हाडं मोडायची.

या सगळ्या अपयशावरची किल्ली एका हॉटेलात होती. डग्लसच्या फर्नली हॉटेलात सुझुकीचा संघ उतरायचा आणि पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्याचा संघही. एमझेडचा अभियंता वाल्टर काडेन. युद्धकाळात पेनेम्युंडला क्षेपणास्त्रांच्या कामावर राहिलेला हा माणूस युद्धानंतर चोपाऊच्या कारखान्यात, साहित्याची आणि पैशाची तंगी सोसत, टू-स्ट्रोकला नवा जन्म देत होता. एक्झॉस्टच्या नळीला त्यानं आधी रुंद होत जाणारा आणि मग निमुळता होणारा आकार दिला. सिलिंडरमधून बाहेर पडलेली दाबाची लाट त्या निमुळत्या टोकाला आपटून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. पंप नाही, सुपरचार्जर नाही, फक्त आवाजाच्या लाटेची वेळ साधायची. १९६१ मध्ये त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं, म्हणजे लिटरला २००. अशी मजल तोवर सुपरचार्जर नसलेल्या कुठल्याच इंजिनानं मारली नव्हती.

काडेनचा सर्वांत चांगला स्वार एर्न्स्ट डेग्नर. १९६१ चं १२५ सीसीचं जगज्जेतेपद त्याच्या अगदी हाताशी आलं होतं. पण १३ ऑगस्टला बर्लिनची भिंत उभी राहिली. १७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये क्रिस्टियनस्टाडच्या शर्यतीत त्याचं इंजिन फुटलं, आणि तो संघाकडे परतलाच नाही. डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनीत गेला. त्याच सुमारास त्याची बायको आणि दोन लहान मुलं एका मोटारीच्या डिकीत लपून सीमा ओलांडत होती. पोरांनी आवाज करू नये म्हणून त्यांना झोपेचं औषध दिलेलं होतं. पूर्व जर्मनीनं आरोप केला की त्यानं इंजिन मुद्दाम फोडलं. जेतेपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेलं. आणि नोव्हेंबरात डेग्नर हामामात्सुला सुझुकीच्या कारखान्यात दाखल झाला, काडेनचं ज्ञान डोक्यात घेऊन. त्या व्यवहाराची किंमत दहा हजार पौंड होती असं सांगितलं जातं.

इथं माझं मन काडेनकडे ओढ घेतं, हे लपवणार नाही. त्यानं जे घडवलं त्याची किंमत त्याला कधी मिळाली नाही. तरीही डेग्नरला चोर म्हणणं मला जमत नाही. भिंत उभी करून माणसं आत कोंडणाऱ्या राज्यातून बायकापोरांसह बाहेर पडायचं तर माणूस त्याच्याकडे असेल ते घेऊन निघणार, आणि डेग्नरकडे होतं ते डोक्यातलं ज्ञान.

१९६२ ला ५० सीसीचा गट प्रथमच जागतिक स्पर्धेत आला. पहिल्या दोन शर्यतींत सुझुकी मागे होती. तिसरी टीटी. डेग्नर जिंकला, १९३८ मध्ये डीकेडब्ल्यूवर एवाल्ड क्लुगे जिंकला होता, त्यानंतर टीटीत टू-स्ट्रोकचा हा पहिलाच विजय. पुढच्या तीन शर्यतीही त्यानंच जिंकल्या आणि वर्षअखेर जगज्जेतेपद सुझुकीला मिळालं. इतोही त्या टीटीत पहिल्या सहांत होता. त्याच आठवड्यात ताकाहाशी टीटीत वाईट पडला आणि पुढे काही वर्षांत मोटारींच्या शर्यतींकडे वळला. डोंगर जपान्यांना सोपा जात नव्हता.

आता १४ जून १९६३. तीन फेरे, ११३ मैल. सुझुकीची ती गाडी डोळ्यांसमोर आणा: पन्नास सीसी, म्हणजे आपल्या लुनाच्या इंजिनाएवढं इंजिन, एक सिलिंडर, सायकलीच्या जातीची बारीक चाकं आणि नऊ गिअर. ताकद साधारण ११ अश्वशक्ती, पण ती फक्त मिनिटाला १३ हजार फेऱ्यांच्या आसपासच्या एका अरुंद पट्ट्यात मिळायची. काटा त्या पट्ट्याखाली गेला की गाडी मेल्यासारखी. म्हणून नऊ गिअर. म्हणून प्रत्येक चढाला, प्रत्येक वळणाला, वाऱ्याच्या प्रत्येक झोताला पाय गिअरच्या कांडीवर नाचत राहायचा. मोठ्या गाडीचा स्वार वळणावर थोडा वेग घालवतो आणि थ्रॉटल पिळून तो परत मिळवतो. पन्नास सीसीच्या स्वाराला ती सवलत नाही. घालवलेला वेग परत मिळायला पुढचा मैल लागतो. म्हणून हनुवटी टाकीवर, कोपरं आत, आणि ब्रेकला शक्यतो हात नाही. दगडी भिंतीच्या कडेनं, ओळख झालेल्या वळणात पूर्ण वेगानं शिरण्याची हिंमत हीच इथली खरी अश्वशक्ती. मोठ्या गाड्यांचे चाहते या गटाला पोरखेळ समजत, ते मला कधीच पटलेलं नाही.

डेग्नर सुरुवातीला जोरात होता, पण त्याची गाडी बंद पडली. इतोची चालत राहिली. तीन फेऱ्यांनंतर वेळ १ तास २६ मिनिटं १०.६ सेकंद, सरासरी ताशी ७८.८१ मैल, म्हणजे जवळपास १२७ किलोमीटर. दुसरा त्याच्याच संघातला न्यूझीलंडर ह्यू अँडरसन, जो त्या वर्षी ५० आणि १२५ दोन्ही गटांचा जगज्जेता झाला. तिसरा क्रायडलरवरचा हान्स-गेऑर्ग आन्शाइट. अँडरसन आणि आन्शाइट हे त्या गटातले दोन सर्वोत्तम स्वार. त्यांना मागे टाकलेल्या माणसाला केवळ डेग्नरच्या बंद पडलेल्या इंजिनानं जिंकवलं, असं जे म्हटलं जातं, त्यात न्याय नाही. त्या डोंगरावर गाडी शेवटपर्यंत जिवंत ठेवणं हाही स्वाराच्याच हातचा भाग आहे. त्या इंजिनाला किती पिळायचं आणि कुठं थांबायचं, हे इतोच्या उजव्या मनगटाला नेमकं ठाऊक होतं.

आणि इथं एक गोंधळ नोंदवायला हवा. त्याच आठवड्यात २५० सीसीच्या टीटीत होंडाच्या जिम रेडमनमागे दुसरा आला तोही इतो. फुमिओ इतो, यामाहाचा. तो पुढच्याच महिन्यात स्पाला बेल्जियन ग्रां प्री जिंकला. एक इतो सुझुकीचा, एक यामाहाचा. दोघंही १९६३ चे, दोघंही विजेते. फुमिओची कीर्ती जरा जास्त पसरली, कारण तो मोठ्या गाडीवर होता आणि यामाहाची पुढची कहाणी मोठी झाली. नुसत्या ‘इतो’ या नावानं शोधणाऱ्याच्या हाती दुसराच इतो लागतो.

डेग्नरची सावली तर त्याहून लांब. आजही जपानी प्रेक्षक सुझुकाच्या एका वळणाला ‘डेग्नर’ म्हणतात, कारण तो तिथं सुरुवातीच्याच शर्यतीत पडला होता. १९६३ च्या नोव्हेंबरात त्याच मैदानावर २५० सीसीच्या चार सिलिंडरवाल्या सुझुकीवर तो पडला, गाडी पेटली, आणि त्या भाजण्यातून तो पुरता कधी सावरला नाही. १९८३ मध्ये तेनेरिफे बेटावर त्याचा मृत्यू झाला. या माणसाची गोष्ट कादंबरीसारखी आहे, आणि म्हणूनच सुझुकीच्या त्या वर्षांबद्दल लिहिणारा प्रत्येक जण त्याच्यामागे जातो. वर या लेखात माझंही तेच झालं. पण काडेनची कल्पना सीमेपलीकडे आली तरी तिला टिकाऊ गाडीचं रूप हामामात्सुच्या अभियंत्यांनीच दिलं, आणि ती डोंगरावरून जिंकवून आणली ती सरावात पडून १९६० ची शर्यत हुकलेल्या मुलानं.

पुढची वर्षं भरभर सांगता येतील. इतो सुझुकीबरोबर राहिला. गाड्या दोन सिलिंडरच्या झाल्या, गिअर चौदापर्यंत गेले, फेऱ्या मिनिटाला १७ हजारांवर पोचल्या. १९६७ मध्ये फुजी स्पीडवेवर जपानी ग्रां प्रीतली ५० सीसीची शर्यत त्यानं जिंकली. तो त्याचा दुसरा आणि शेवटचा ग्रां प्री विजय. त्याच वर्षाअखेर सुझुकीनं कारखान्याचा संघ मागे घेतला. दोन विजयांची कारकीर्द आकड्यांत छोटी दिसते. त्यातला एक विजय तरी कुणाच्याही दहांच्या बरोबरीचा आहे, असं माझं मत आहे.

टीटीतला ५० सीसीचा गट १९६८ नंतर बंद झाला. टीटीचा जागतिक दर्जा १९७६ नंतर गेला. होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी यांच्या गाड्यांनी त्या डोंगरावर शेकडो शर्यती जिंकल्या. अलीकडे मुगेनच्या विजेवरच्या जपानी गाड्याही जिंकल्या, पण त्यांवर ब्रिटिश आणि न्यूझीलंडचे स्वार होते. इतो ३ जुलै २०१९ रोजी ८२ व्या वर्षी गेला. टीटी जिंकलेला जपानी स्वार आजही तो एकटाच आहे.