थंडीत सायकल जरा उशिरा काढा

"डॉक्टर, तुमच्या खोकल्यानं थापटे उडाले!" पक्षिमित्र वैतागून म्हणाला, तेव्हा मी पाषाण तलावाच्या काठावर कंबरेत वाकून खोकत होतो. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. कोथरूडहून पहाटे साडेपाचला निघायचं, चांदणी चौकाचा चढ काढायचा आणि उजाडता उजाडता तलावावर पोचायचं, हा माझा कैक वर्षांचा रविवारचा नेम. तलाव जलपर्णीनं भरलेला असला तरी हिवाळ्यात पाहुणे येतातच. चमच्यासारख्या चोचीचे थापट्या बदक, शेपटी हलवत काठानं फिरणारा पांढरा धोबी, आणि आपले बारमाही हळदी-कुंकू बदक. इतर दिवशीही कामावर जाण्याआधी तासभर सायकल ठरलेली.

त्या डिसेंबरात मात्र एक गंमत होऊ लागली. चढावर काही त्रास नसे. तलावावर पोचून सायकल लावली, दुर्बीण डोळ्याला लावली की पाच-दहा मिनिटांत छाती आवळल्यासारखी व्हायची आणि कोरड्या खोकल्याची उबळ यायची. अर्ध्या तासात सगळं ठीक. मी ते सर्दीवर ढकललं. घरात "अहो, छपन्न वर्षं झाली तुम्हाला, कशाला पहाटे जाता?" हे सुरू झालंच होतं. तिला कारण मिळू नये म्हणून मी गप्प बसलो. तीन आठवडे असेच काढले. माझ्या ओपीडीत एखाद्या रुग्णानं असं केलं असतं, तर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

शेवटी छातीच्या विकारांच्या विभागातल्या मित्रानं पीक फ्लो मीटर हातात दिलं. हे एक साधं नळीसारखं उपकरण. जोरात फुंकलं की श्वासाचा वेग कळतो. सायकलीला निघण्याआधी माझा आकडा होता ४८०. थांबल्यावर दहा मिनिटांनी ३९०. सर्दी नव्हतीच ती. पुढच्या तपासण्या झाल्या, हृदय ठीक असल्याची खात्री झाली आणि निदान ठरलं. व्यायामानंतर श्वासनलिका आकुंचन पावत होत्या.

नाकाला टाळून आत गेलेली हवा

आपलं नाक हे उत्तम वातानुकूलन यंत्र आहे. बाहेर १० अंशांची कोरडी हवा असली तरी फुप्फुसांपर्यंत जाईतो नाक आणि घसा तिला जवळजवळ शरीराइतकी उबदार आणि दमट करतात. पण या यंत्राला मर्यादा आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. सायकलीवर चढ काढताना हेच प्रमाण ५०-६० लिटरच्या वर जातं. एवढी हवा नाकाला पुरवता येत नाही, म्हणून आपण तोंड उघडतो. मग थंड, कोरडी हवा थेट श्वासनलिकांत शिरते, त्यांच्या अस्तरातलं पाणी उडून जातं, अस्तर चिडतं आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. हा त्रास व्यायाम चालू असताना कमी आणि थांबल्यावर जास्त जाणवतो. म्हणूनच तो दम्याचा प्रकार असेल हे लोकांच्या ध्यानात येत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. पहिली दहा मिनिटं अगदी सावकाश पायडल मारायचं, नाकानं श्वास घेता येईल इतक्याच वेगानं. नाका-तोंडावर सैल मफलर किंवा बफ घेतला की बाहेर टाकलेल्या श्वासाची ऊब आणि ओल पुढच्या श्वासाला मिळते. एवढ्यानं भागलं नाही तर निघण्याआधी थोडा वेळ पंप घ्यावा लागतो. तो अर्थात डॉक्टरांनी सांगितला असेल तरच. "पंपाची सवय लागते" हा समज अजून घट्ट आहे. चष्म्याची जशी सवय लागते, तशीच ती समजा. गरज असते तोवर वापरायचा.

पण मित्रानं प्रिस्क्रिप्शन लिहिताना एक प्रश्न विचारला, "थंडी तर तू दरवर्षी झेलतोस. हवेचं काय?"

शहरावरचं झाकण

डिसेंबर-जानेवारीत कधी पहाटे वेताळ टेकडीवर जाऊन पाहा. वर आकाश स्वच्छ असतं आणि खाली शहरावर करड्या रंगाचा पट्टा पसरलेला दिसतो. कुठूनतरी धुराची रेघ सरळ वर येते आणि एका उंचीवर छताला टेकल्यासारखी आडवी होते. ते छत खरंच असतं.

एरवी जमिनीपासून वर जावं तशी हवा थंड होत जाते. त्यामुळे जमिनीलगतची उबदार हवा वर उठते आणि धूर-धूळ सोबत घेऊन जाते. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन झपाट्यानं निवते. तिच्यालगतची हवा गार होते आणि वर तिच्यापेक्षा उबदार हवेचा थर राहतो. गार हवा जड, ती वर जात नाही. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात ती अधिक जाणवते. रात्रीच्या शेकोट्या, जाळलेला कचरा, मालमोटारींचा धूर असं सगळं या झाकणाखाली साठत जातं. त्यात सकाळी सातपासून शाळेच्या बस आणि ऑफिसच्या गाड्यांची भर पडते. ऊन चढतं, जमीन तापते, तेव्हा कुठे नऊ-दहाच्या सुमारास झाकण उघडू लागतं. हवा सर्वांत मोकळी होते ती दुपारी. संध्याकाळनंतर पुन्हा तेच चक्र.

म्हणजे ज्या हवेला आपण "पहाटेची शुद्ध हवा" म्हणतो, ती हिवाळ्यात शहरात बहुधा शुद्ध नसते. ती गार असते, आणि गारव्यालाच आपण शुद्धता समजतो.

या हवेतला खरा त्रासदायक घटक म्हणजे पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटरहून बारीक कण. आपला केस त्याच्या वीसपट तरी जाड असतो. हे कण नाकात अडकत नाहीत. ते फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ही पातळी सुचवली. आपल्याकडचं मानक ६० आहे. आणि सायकलस्वार स्वस्थ माणसाच्या सहा-सात पट हवा आत घेत असतो, हेही इथं मोजायला हवं.

हृदयाचं वेळापत्रक

पहाटेचा दुसरा मुद्दा हृदयाचा. झोपेतून उठताना शरीरात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं वाढतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही थोडी वाढते. त्यामुळे हृदयविकाराचे झटके दिवसाच्या इतर वेळांपेक्षा सकाळी अधिक येतात. थंडीनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, म्हणजे दाब आणखी वाढतो. यात अंथरुणातून उठून थेट चढावर दामटलेली सायकल मिळवा.

निरोगी माणसानं घाबरायचं कारण नाही. पण चाळिशी उलटलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेल्या व्यक्तीनं जोराची सायकल सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी. "व्यायाम करतो म्हणून रक्तदाबाची गोळी बंद केली" असं सांगणारे महिन्याला दोघे-तिघे तरी भेटतात. हिवाळ्यात तर हे मुळीच करू नका. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, थंड घाम, नेहमीच्या चढावर नेहमीपेक्षा जास्त धाप यांतलं काहीही झालं तर लगेच उतरा आणि बसा. "पित्त असेल" म्हणून उरलेले पाच किलोमीटर संपवू नका. १०८ला फोन करा.

मग सायकल सोडायची का?

अजिबात नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली नेमका हाच हिशेब मांडला होता. प्रदूषित हवेत सायकल चालवल्यानं होणारं नुकसान व्यायामाच्या फायद्याहून मोठं केव्हा होतं? त्यांच्या गणितानुसार पीएम २.५ ची पातळी २२ असेल, तर कितीही सायकल चालवली तरी फायदाच जास्त. पातळी कायम १०० असेल, तर रोज दीड तासाच्या पुढे नुकसानीचं पारडं जड होऊ लागतं. थोडक्यात, सायकल चालवाच. फक्त कधी, कुठे आणि किती, हे हिवाळ्यात ठरवून घ्या.

मी माझं वेळापत्रक असं बदललं. कामाच्या दिवशी सकाळची फेरी बंद. रुग्णालयातून सुटल्यावर साडेचारच्या सुमारास तासभर चालवतो आणि अंधार पडून शेकोट्या पेटायच्या आत घरी येतो. रविवारी नऊनंतर निघतो, तेव्हा रस्त्यावर वाहनंही कमी असतात. निघण्याआधी फोनवर हवेचा निर्देशांक बघतो. १०० पर्यंत बिनघोर, १०१ ते २०० असेल तर सावकाश आणि कमी अंतर, २०० च्या वर गेला तर घरीच सूर्यनमस्कार. दम्याच्या रुग्णांनी शंभरच्या पुढेच सावध व्हावं. मोठा रस्ता सोडून समांतर गल्ली धरतो. धुराचं प्रमाण रस्त्यापासून थोडं दूर गेलं तरी झपाट्यानं उतरतं. सिग्नलला बसच्या मागे उभा राहत नाही.

कपड्यांचंही थोडं सांगतो. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, घाम आला की एक उतरवता येतो. गुडघे आणि कान झाकलेले असावेत. तहान लागत नसली तरी पाणी प्या. कोरडी हवा श्वासावाटे बरंच पाणी नेते. साधा रुमाल बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क नीट बसला तर अडवतो, पण तो लावून चढ काढणं जिवावर येतं.

पक्ष्यांचं काय, ही माझी मोठी चिंता होती. पण त्यांचीही दुपारपाळी असते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. पाचच्या सुमारास तलावाकाठी थांबलं की धोबी मुक्कामाच्या झाडाकडे थव्यानं येताना दिसतात. नशीब असेल तर भोरड्यांचा थवा आभाळात वळणं घेत, मिटत, पसरत फिरतो. आणि मला खोकला येत नाही, त्यामुळे थापटेही जागचे हलत नाहीत.

धुरात उभी असलेली बाई

त्याच हिवाळ्यात ओपीडीत एक बाई आल्या. रस्ते झाडण्याचं काम, वय पन्नाशीच्या आसपास. दर थंडीत खोकला, जिना चढताना दम. तपासून झाल्यावर माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ते लाल सायकलवाले तुम्हीच ना? रोज नाकाला रुमाल लावून जाता."

मी ओशाळलो. मी रोज ज्या धुरातून नाक दाबून जात होतो, तो त्यांच्याच पाल्याच्या ढिगाचा होता.

"पाला कशाला जाळता, ताई?"

"न्यायला गाडी येत नाही, साहेब. ढीग दिसला की मुकादम ओरडतो. तुम्ही मिनिटात निघून जाता. आम्हाला तिथंच उभं राहावं लागतं."

उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली, पाच हजार रुपये दंडही ठरवला. पण तो या बाईंकडून घेऊन काय होणार? मी त्यांना औषधं आणि पंप लिहून दिला. आमच्या सोसायटीच्या बैठकीत बऱ्याच वादावादीनंतर दोन गोष्टी मंजूर करून घेतल्या. आवारातला आणि समोरच्या रस्त्यावरचा पाला आता मागच्या खड्ड्यात खतासाठी जातो. आणि रात्रपाळीच्या वॉचमनमामांना जाड जॅकेट आणि कानटोपी दिली, त्यामुळे पुठ्ठे आणि दुधाच्या पिशव्यांची शेकोटी बंद झाली. दोन्हींचा खर्च दिवाळीच्या रोषणाईपेक्षा कमी आला.

दीड महिन्यानं त्या पुन्हा तपासणीला आल्या. दम थोडा कमी होता.

"साहेब, हल्ली सकाळी दिसत नाही तुम्ही."

"वेळ बदलली, ताई. थंडीत पहाटेची हवा चांगली नसते."

त्यांनी पंपाची पिशवी नीट घडी करून पदराआड ठेवली आणि म्हणाल्या, "मग आमची पण बदलायला सांगा ना कुणाला तरी."