ऐकलेले वचन घरी नेऊ या

रविवारची उपासना संपते. माणसे बाहेर येतात, चपला शोधतात, एकमेकांना सलाम करतात. कोणी म्हणतो, "आज पाळकसाहेब लई चांगलं बोलले." दुसरा मान हलवतो. पण घरी राहिलेल्या म्हातारीने विचारले, "काय बोलले रे?" की बोलणारा घोटाळतो. "हेच आपलं, चांगलं वागावं म्हणून." म्हातारी समजायचे ते समजते.

असे का होते? आवाज पोचला नाही म्हणून? क्वचित तसे होते. पण बहुधा आपण प्रवचन गाण्यासारखे ऐकतो. गोड लागते, मान डोलते आणि संपते. ही खोड आजची नाही. यहेज्केल नावाचा संदेष्टा होऊन गेला. त्याच्या काळीही लोक त्याच्यापुढे येऊन बसत आणि सुरेल गाणे ऐकावे तसे त्याचे बोलणे ऐकत. ऐकून घरी गेले की करायचे काही नाही. त्याच्या पुस्तकाच्या 33 व्या अध्यायात हे लिहिले आहे.

प्रभु येशूने ऐकण्याविषयी एक दाखला सांगितला. तो आपणा शेतकऱ्यांना पुस्तकी पंडितापेक्षा लवकर समजेल. पेरणाराचा दाखला तो. मत्तयाच्या 13 व्या अध्यायात, मार्काच्या 4 थ्या आणि लूकाच्या 8 व्या अध्यायात तो आहे.

आपल्याकडे पाभरीने पेरणी होते. चाड्यावर मूठ धरली की दाणे नळ्यांतून तासात पडतात. आता पुष्कळ गावांत ट्रॅक्टरने पेरतात. येशूच्या देशात मात्र पेरणारा हाताने बी फोकीत जाई. शेतातूनच पायवाट गेलेली असे. म्हणून काही दाणे वाटेवर पडले. ते पाखरांनी टिपले. काही खडकाळ जागी पडले. काही काटेरी झुडपांत गेले. उरलेले चांगल्या जमिनीत पडले. त्यांचे कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट पीक आले.

आता नीट पाहा. पेरणारा एकच. बी एकच. निराळी आहे ती जमीन. आणि ती जमीन म्हणजे ऐकणारा. आपण मात्र उलट बोलतो. पीक आले नाही तर म्हणतो, "पाळकाला बोलताच येत नाही." कधी कधी ते खरेही असते. पण दाखल्यात पेरणाराला कोणी दोष दिलेला नाही.

वाटेवरची जमीन का कडक होते? रोज पाय पडून. लहानपणापासून तीच वचने ऐकलेला माणूस असा होण्याची भीती असते. "हे मला ठाऊक आहे" म्हटले, की दाणा वरच राहतो. घरी जाईपर्यंत बाजारभावाच्या गप्पांत तो उडून जातो.

मुरमाड पट्टी सगळ्यांनी पाहिली आहे. वर चार बोटे माती, खाली खडक. पहिल्या पावसात तिथलेच बी आधी उगवते. नवखा माणूस म्हणतो, "वा, काय जोमदार पीक!" दहा दिवस ऊन पडले की ते माना टाकते, कारण मूळ खाली गेलेच नाही. मोठ्या सभेत डोळ्यांतून पाणी काढणारे, हात वर करणारे काही लोक असे असतात. आम्ही त्यांना खोटे म्हणत नाही. त्या घडीला ते खरेच असतात. पण तंबाखू सोडायची शपथ शनिवारपर्यंत टिकत नाही, तेव्हा खालचा खडक दिसतो.

तिसरी जमीन आम्हांला सर्वांत धोक्याची वाटते. ती वाईट जमीन नाही. तिच्यात जोर आहे, पण काट्यांची मुळे काढलेली नाहीत. हराळीच्या शेतात ज्वारी पेरा आणि पाहा. दोन्ही उगवतात आणि हराळी जिंकते. येशूने या काट्यांची नावेही सांगितली. संसाराची काळजी हा एक काटा, आणि पैशाचा मोह हा दुसरा. म्हणजे गरिबाचा काटा वेगळा आणि श्रीमंताचा वेगळा, पण काटा दोघांनाही. मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, विहिरीची मोटर, ही सारी डोक्यात घेऊन आपण प्रार्थनेला बसतो. ती घरी ठेवून या असे सांगणे सोपे आहे. ती राहत नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, ती घेऊनच या. पण वचन ऐकताना मनात विचारा, "माझ्या या कर्जाविषयी, या लग्नाविषयी देवाला काय म्हणायचे आहे?" मग काटाही कामाला येतो.

दुसरा दाखला घर बांधणाऱ्यांचा. तो तुम्हांला माहीत आहे, म्हणून एकच गोष्ट सांगतो. एकाने खोल खणून खडकावर पाया घातला, दुसऱ्याने नाही. पूर आला, तेव्हा एक घर राहिले आणि एक पडले. पण वचन दोघांनीही ऐकले होते! जो पडला तो न ऐकणारा नव्हता. तो ऐकून न करणारा होता. ओढ्याकाठी घर बांधणाऱ्याला उन्हाळ्यात वेडा कोण म्हणेल? आषाढात कळते.

मग करायचे म्हणजे काय करायचे? यासाठी लूकाचा 3 रा अध्याय उघडा. बाप्तिस्मा करणारा योहान नदीकाठी उपदेश करीत होता. उपदेश कडक होता. लोकांनी "छान झालं" म्हटले नाही. त्यांनी विचारले, "मग आम्ही काय करावं?" योहानाने सर्वांना एकच उत्तर दिले नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, असे साध्या लोकांना सांगितले. जकातदारांना सांगितले, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितले, धाकदपटशाने कोणाकडून पैसे उकळू नका, पगारात समाधान माना. ज्याचा जो धंदा, त्या धंद्यातले उत्तर!

आपणही तसेच विचारले पाहिजे. दुकानदाराने आपल्या काट्याविषयी विचारावे. मजुरीला माणसे लावणाऱ्याने मजुरीच्या दिवसाविषयी विचारावे. सासूने सुनेच्या ताटाविषयी विचारावे. शेजाऱ्याविषयी विचारू नये. हे सांगायला लागते, कारण आपल्यातले पुष्कळ जण प्रवचन शेजाऱ्यासाठी ऐकतात. "आज बरं लागलं त्याला!" म्हणून मागे वळून पाहतात. पाळकाने वाढलेले ताट आपण पलीकडे सरकवले, तर उपाशी कोण राहील?

झोपेविषयी थोडे. आठवडाभर राबलेल्या माणसाला सावलीत बसल्यावर डुलकी येते. त्रोवस गावी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खोलीत दिवे पुष्कळ होते. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता. त्याला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी त्याला मेलेला म्हणून उचलले. पौलाने खाली येऊन त्याला कवटाळले, आणि पुढे मुलगा जिवंत घरी गेला. त्याला कोणी रागावल्याचे लिहिलेले नाही. तेव्हा झोपणाऱ्याला हसू नका. खिडक्या उघडा, आणि पाळकांनीही घड्याळाकडे पाहावे. तान्ही मुले घेऊन मागे बसलेल्या बायांना तर अर्धे ऐकूच येत नाही. घरी गेल्यावर नवऱ्याने त्यांना सांगावे. सांगायचे आहे हे ठाऊक असले की तोही नीट ऐकेल.

आता तुम्ही वाचायला शिकलात. याचा इथे मोठा उपयोग आहे. पूर्वी लोक कानांवरच अवलंबून होते. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचले. ते 1616 साली छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत त्यात. न वाचता येणाऱ्यांनी ते ऐकले आणि मनात साठवले. ती आठवण मोठीच. पण ऐकलेले खरे आहे की नाही हे पाहायला अक्षर लागते. बिरुया गावचे लोक पौलासारख्याचे बोलणेही शास्त्र उघडून रोज तपासून पाहत. त्यांना त्याबद्दल शाबासकी मिळाली आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात साऱ्या बायबलाचे मराठी भाषांतर केले. साध्या माणसांना, बायाबापड्यांना समजावे म्हणून सोपे केले. 1922 साली त्या वारल्या. 1924 साली ते पूर्ण छापून निघाले. एवढे कष्ट कशासाठी? पाळक सांगेल तेवढेच आपण मानावे म्हणून नव्हे.

म्हणून एक वही ठेवा. पाळकांनी सांगितलेला अध्याय आणि ओळ लिहा. खाली एकच वाक्य लिहा: या आठवड्यात मी काय करणार. वाक्य लहान असावे. "प्रेमाने वागेन" असे लिहू नका, त्याने काही होत नाही. "मंगळवारी भावाकडे जाईन" असे लिहा.

तपासण्याची गरज कधी कधी जिवाशी येते. एखादा फिरता उपदेशक येतो. म्हणतो, "विश्वास असेल तर औषध बंद करा." क्षयाच्या रोग्याने असे ऐकले तर काय होईल? क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग पुन्हा उसळतो आणि पुढे त्याच गोळ्या लागू पडेनाशा होतात. घरच्यांनाही लागण होते. अशा वेळी बिरुयाच्या लोकांसारखे करा. शास्त्र उघडा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने उपायही सुचवला आहे. प्रार्थना करा आणि गोळीही घ्या.

ऐकणे आणि करणे यांत किती अंतर असते? लक्ष्मीबाई टिळकांचे पाहा. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळे पाळीत. पतीचा उपदेश कानांवर पडतच होता. तो त्यांनी डोळे मिटून मानला नाही, की झिडकारून टाकलाही नाही. त्या विचार करीत राहिल्या. जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली, असे एके दिवशी मनाला पटले. मग त्यांनी वेळ लावला नाही. कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले आणि तसे केले. हे त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त सांगितले आहे. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, 1900 साली घेतला. आधी पाणी प्याल्या, मग बाप्तिस्मा! हा क्रम आम्हांला फार आवडतो.

शेवटी आपल्याच गावचा प्रश्न घेऊ. समजा, क्षमेवर प्रवचन झाले आणि तुमचा शेजाऱ्याशी बांधावरून वाद आहे. तुम्ही म्हणता त्याने बांध कोरला, तो म्हणतो तुम्ही कोरला. पाच वर्षे बोलणे बंद. वकिलाकडे हेलपाटे. दोघेही दर रविवारी एकाच सतरंजीवर बसता. आता क्षमा म्हणजे काय करायचे? जमीन सोडून द्यायची?

तसे कोणी सांगितलेले नाही. आधी पाहायचे, की आपल्या बाजूनेही एखादे तास पलीकडे गेले आहे का. गेले असेल तर ते आपणहून सांगायचे. जक्कयाने तर चौपट परत केले होते. मग त्याच्या घरी जायचे. रस्त्यात गाठून बोलायचे नाही, आणि चार माणसे बरोबर न्यायची नाहीत. म्हणायचे, "दादा, दोघं मिळून मोजणीचा अर्ज देऊ. खर्च निम्मा निम्मा. दगड जिथं पडेल तिथं पडेल." तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असा अर्ज घेतात.

तो नाही म्हणाला तर? म्हणू शकतो. पाच वर्षांचा राग एका सकाळी जात नाही. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिताना हे ओळखले होते. आपल्याकडून होईल तितके सर्वांशी शांतीने राहा, एवढेच त्याने सांगितले. तेव्हा चहा दिला तर प्या, नाही दिला तर राम राम करून परत या, आणि महिन्याने पुन्हा जा. तोवर त्याचा बैल आपल्या शेतात शिरला, तर काठी न मारता हाकून द्या.