घंटागाडीतली आडभिंत

संपादकांना हवा होता कचऱ्याच्या जनजागृतीवरचा लेख: रंगवलेल्या भिंती, पथनाट्य, शाळकरी पोरांची फेरी, हिरवी-निळी बादली. सोलापुरात हे सगळं आहे. पण पूर्व भागातल्या एका गल्लीत घंटागाडीमागे चालू लागलो आणि घोषणांवरचं लक्ष उडून गाडीच्या पोटातल्या एका पत्र्यावर गेलं.

ओल्या आणि सुक्या कप्प्यांमधली ही आडभिंत. सरकारी इतिहास लवकर आटोपतो. २००० सालच्या नियमांत वर्गीकरणाची भाषा आली, २०१६ च्या नियमांनी ते काम थेट घरावर टाकलं आणि ओल्या-सुक्याच्या जोडीला घरगुती घातक कचराही वेगळा मागितला. मधल्या काळात, २०१४ च्या गांधी जयंतीला, स्वच्छ भारत अभियान सुरू झालं होतं. परिपत्रकं निघाली, फलक लागले. साडेनऊ लाखांच्या (२०११ ची जनगणना) या शहरात ते सगळं शेवटी येऊन टेकतं ते या पत्र्यावर आणि त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या मदतनिसावर.

गाडीचा भोंगा मराठीत ओरडतो, पण दारातल्या बायकांशी मदतनिसाचं बोलणं तेलुगूत. पुढच्या वळणावर दखनी. बादली हातात आली की तो ती आधी किंचित कलंडवतो. आत काच खणखणली की हात थांबतो. वरची पिशवी उचलून निळ्या बाजूला, उरलेलं हिरव्या बाजूला, आणि रिकामी बादली परत देताना एक शब्द, बहुतेक वेळा थट्टेचा. लोकशिक्षण म्हणतात ते हेच असावं. एका दाराला मोजून काही सेकंद मिळतात, आणि मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो.

एका उंबऱ्यावर तेंदूपानाच्या कात्रणांनी भरलेलं घमेलं होतं. या भागात हजारो बायका कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी आणून बिड्या वळतात. पान भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने मापात कापायचं. उरतं ते हे कात्रण. सकाळी ते ओलं असतं, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतं. काही घरांत बंबाखाली जातं. मग टाकायचं कुठल्या बादलीत? कुजणारं म्हणून ओल्यात, हे बरोबर उत्तर. पण भिंतीवरच्या चित्रात केळीचं साल आणि सफरचंदाचा गाभा काढलेला. इथे सफरचंद रोज कोण खातं? त्या जागी बिडीच्या पानाचं कात्रण रंगवलं असतं तर निम्मं भाषण वाचलं असतं. यंत्रमागाच्या सुताचे तुकडे आणि चिंध्यांचंही तेच.

आडभिंतीची किंमत कळते ती तुळजापूर रस्त्यावर. तिथल्या प्रकल्पात कचरा बंद टाक्यांत, हवेविना, जिवाणूंकडून कुजवून वायू काढायचा आणि त्यावर वीज करायची, अशी योजना; रोज ४०० टन कचरा आणि ३ मेगावॉट वीज हे त्याचं मूळ नियोजन. जिवाणूंना खरकटं चालतं, भाजीची देठं चालतात. वाळू मात्र टाकीच्या तळाशी बसते आणि पातळ पिशव्यांच्या पट्ट्या फिरत्या दांड्यांना गुंडाळतात. अशा कुठल्याही प्रकल्पात गल्लीतला आळस यंत्रांना निस्तरावा लागतो, आणि यंत्र हसत हसत समजूत घालत नाही.

पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढा, असा आग्रह धरला. तिथे रोज तीच कचरावेचक बाई दाराशी येते म्हटल्यावर माणसाला थोडी लाज असते. इथे गाडी क्षणभर थांबते आणि पुढे जाते. नाक्यावर गाठ पडली नाही तर पिशवी कोपऱ्यावर. आणि कुठल्याही शहरात, गाडीत सगळं एकत्र ओतलं जाताना गृहिणीने एकदा पाहिलं, की तिची दुसरी बादली धुणं भिजवायला जाते.

त्यात सुक्या कचऱ्याची स्वतःची दुखणी. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा भंगारवाला नेतोच; त्यासाठी कुणाला मोहीम लागली नाही. शेंगाचटणीचं तेलकट, चकचकीत पाकीट मात्र तोही घेत नाही. दुधाच्या पिशवीचे ५० पैसे परत देण्याची तरतूद राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत होती. पन्नास पैशांचं नाणं आज दुकानदार तरी घेतो का?

आणि प्लास्टिक धुऊन, वाळवून द्या, ही सूचना. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे दुधाची पिशवी कोण विसळणार? पाण्याच्या दिवशी मात्र घरोघरी घासणं-धुणं निघतं. त्यात पिशव्याही सहज विसळून होतील. म्हणून सुका कचरा त्याच्या दुसऱ्या दिवशी उचलावा, असं मला सुचवावंसं वाटतं. अडचण एवढीच, की परवा येणारं पाणी जलवाहिनी फुटली की तेरवावर जातं, आणि गाडीचं वेळापत्रक नळाला बांधायचं तर ते रोज सकाळी नव्याने लिहावं लागेल.