तलंगांच्या खुराड्यात मोठ्या कोंबड्या आणताना

इंदूर, बडोदे, बेळगाव, कुठून कुठून प्रश्न येतात, पण एक प्रश्न सगळीकडून येतो. घरात वाढत्या तलंगा असताना अंड्यावरच्या मोठ्या कोंबड्या मिळाल्या, तर त्यांना एकत्र कसं करायचं?

आधी माझी चूक सांगतो. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी इथे चंदीगडला, मनीमाजऱ्याच्या जुन्या वस्तीत राहिलो. मागच्या अंगणात अडीच महिन्यांच्या नऊ तलंगा होत्या. शेजाऱ्यांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपल्या तीन मोठ्या कोंबड्या मला दिल्या. दिसायला ठणठणीत. मी त्याच संध्याकाळी त्यांना खुराड्यात सोडलं. दोन दिवस टोचाटोची झाली, मग शांत झाल्या. मी खूश.

नवव्या दिवशी एका तलंगेची मान वाकडी झाली. दुसरी चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागली. पंधरवड्यात सहा गेल्या. मोठ्या तिघींना काहीच झालं नाही. पशुवैद्यांनी सांगितलं, राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. मोठ्यांना लस टोचलेली होती. माझ्या तलंगांची आठव्या आठवड्याची लस मी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत टाळली होती. लस आजारातून वाचवते, पण लस घेतलेली कोंबडीसुद्धा विषाणू बाळगू शकते, पसरवू शकते. नातीनं नवांनाही नावं ठेवली होती. तिला फोनवर सांगताना सहा नावं घ्यावी लागली. आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त शिकवलेल्या माणसाची ही शिस्त!

म्हणून पहिला नियम: नव्या कोंबड्या ३० दिवस वेगळ्या ठेवा. गच्ची, जिना, दुसरं अंगण, जमेल तितकं लांब. भांडी वेगळी, चप्पल वेगळी. रोज आधी तलंगांचं काम करा, मग नव्यांचं. नंतर हात धुवा. नाकातून पाणी, घरघर, सुजलेले डोळे, पातळ विष्ठा, पंखांखाली आणि शेपटीजवळ उवा हे सगळं तपासा. याच काळात तलंगांच्या राहिलेल्या लसी पशुवैद्यांना विचारून पूर्ण करा.

आमच्या भागाला हे विसरून चालत नाही. डिसेंबर २०१४मध्ये इथल्या सुखना तलावावरच्या बदकांमध्ये बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२१मध्ये शेजारच्या पंचकुला जिल्ह्यात, बरवाल्याच्या पोल्ट्री पट्ट्यात पुन्हा निघाला. अशा दिवसांत नवा पक्षी घरी आणूच नका. अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा.

दुसरा टप्पा जाळीचा. एकाच खुराड्यात मध्ये तारेची जाळी लावून दोन आठवडे दोघींना एकमेकींना नुसतं बघू द्या. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची ठरलेली उतरंड असते. श्येल्डरूप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकानं १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली. नवी कोंबडी आली की ही उतरंड पुन्हा ठरते. तलंग वजनानं कमी असेल तर मार तिलाच बसतो. म्हणून तलंगा साधारण १६ आठवड्यांच्या, अंगानं जवळजवळ बरोबरीच्या होईपर्यंत जाळी काढू नका.

तिसरा टप्पा मिसळण्याचा. सुरुवातीला दिवसा तासभर, मोकळ्या अंगणात, तुम्ही समोर असताना. खाण्यापाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे एकीला सगळ्यांची वाट अडवता येणार नाही. आडोशाला फळी, खोकं ठेवा. थोडी टोचाटोची होऊ द्या, लगेच मध्ये पडू नका. पण रक्त दिसलं तर ती कोंबडी त्याच क्षणी बाजूला काढा. लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. हे सगळं जमलं की रात्री एकत्र बसवा.

खाद्याचं एक सांगायचं राहिलं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेयर खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. ते तलंगांना महिनोन्‌महिने दिलं तर मूत्रपिंडं बिघडतात. एकत्र कळपात सगळ्यांना ग्रोअर खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज आहे ती खाते.

यंदा मी पुन्हा तीन मोठ्या कोंबड्या आणल्या. सगळं मिळून दोन महिने लागले. शेजारी हसले, 'कर्नलसाब, कोंबड्यांची पोस्टिंग आहे का?' मी म्हटलं, आहे. टोचणारी चोच डोळ्यांना दिसते, रोग दिसत नाही. त्याच्यासाठी हे दोन महिने. सातही तलंगा आज अंडी देताहेत आणि नातीनं यांनाही नावं ठेवली आहेत.

पुढच्या भागात खुडूक कोंबडीविषयी बोलू. जय हिंद.