लॅपटॉपचे कार्ड डेस्कटॉपला का चालते?

लॅपटॉपचा स्क्रीन फुटला किंवा मदरबोर्ड गेला, की अनेक घरांत तो आहे तसा भंगारात जातो. आतले वाय-फाय कार्ड आणि एसएसडी मात्र बऱ्याचदा ठणठणीत असतात, आणि घरातल्या डेस्कटॉपमध्ये ती खुशाल वापरता येतात. लॅपटॉपचे भाग डेस्कटॉपला चालत नाहीत, हा समज एके काळी अगदीच चुकीचा नव्हता. १९९०च्या दशकातली लॅपटॉपची पीसीएमसीआयए कार्डे डेस्कटॉपला जोडायची, तर मध्ये वेगळी कंट्रोलर चिप लागायची. आज दोन्हीकडे वाय-फाय कार्डे आणि एसएसडी मुख्यतः पीसीआय एक्स्प्रेस या एकाच जोडणीवर चालतात. फरक उरला तो आकाराचा आणि स्लॉटचा. त्यामुळे साध्या अडॅप्टरला फक्त पिना जुळवून द्यायच्या असतात.

वाय-फाय कार्डाचेच पाहा. एम.२ प्रकारचे हे कार्ड सहसा २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असते. ते अडॅप्टरवर बसवायचे, अँटेनाच्या बारीक वायरी त्याच्या गोल टोकांवर दाबायच्या आणि अडॅप्टर डेस्कटॉपच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये खोचायचा. ब्लूटूथ मात्र यूएसबीवरून चालते. त्यासाठी अडॅप्टरची वेगळी वायर मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला लावावी लागते. ती राहून गेली, तर वाय-फाय लागते पण ब्लूटूथ दिसत नाही, आणि चांगल्या कार्डावर विनाकारण ठपका येतो. एसएसडीचेही तसेच. पीसीआय एक्स्प्रेसवर चालणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीला पूर्ण वेगासाठी चार लेन, म्हणजे डेटाचे चार मार्ग, लागतात. तरी पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या एकाच लेनमधूनही सेकंदाला सुमारे १ जीबी डेटा जातो. साटा या जुन्या जोडणीची मर्यादा सेकंदाला सुमारे ६०० एमबी आहे, म्हणजे एका लेनच्या छोट्या स्लॉटवरही ही एसएसडी साटाला मागे टाकू शकते.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा यूएसबी डोंगल बरे. सोय म्हणून ते बरे आहेच. पण कार्ड हाताशी असताना नवे उपकरण घेण्याचे कारण काय? शिवाय अडॅप्टरला मोठे अँटेना लावता येतात. सगळीच कार्डे चालत नाहीत, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. इंटेलच्या एएक्स २०१ आणि एएक्स २११ या कार्डांचे अर्धे काम इंटेलचाच प्रोसेसर किंवा चिपसेट करतो, म्हणून ती साध्या अडॅप्टरवर चालत नाहीत. एएक्स २०० आणि एएक्स २१० चालतात. साटा प्रकारची एम.२ एसएसडी एनव्हीएमईच्या अडॅप्टरवर चालत नाही. अनेक जुन्या मदरबोर्डांना एनव्हीएमईवरून संगणक सुरू करता येत नाही, पण फायली ठेवायला ती एसएसडी उपयोगी पडते. या अडचणी खऱ्या आहेत, तरी त्या आधीच ओळखता येतात. कार्डावरच्या लेबलचा मॉडेल नंबर वाचायचा, मदरबोर्डचे मॅन्युअल पाहायचे आणि मगच अडॅप्टर घ्यायचा. चालू भाग वितळवून धातू काढण्याआधी तो पुन्हा वापरून पाहणे, हेच शहाणपणाचे.