पायी पाहावी पेठ : जुन्या बाजारपेठांची छायाचित्र-नोंद

मालवणच्या धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या प्रवाशाची दृष्टी प्रथम समुद्राकडे वळते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याची पायाभरणी झाली, तो सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर समोरच दिसतो. होडीने किल्ल्यात जावे, तेथील श्रीशिवराजेश्वराचे मंदिर पाहावे आणि परतावे, असा बहुतेकांचा कार्यक्रम असतो. किल्ल्याची छायाचित्रे त्यामुळे घरोघरी पोहोचली आहेत. धक्क्यापासून गावात शिरणारा रस्ता, त्यावरील दुकाने, जांभ्या दगडाची कौलारू घरे, विहिरी व पार यांच्याकडे मात्र तितक्या आस्थेने पाहिले जात नाही. वस्तुतः किल्ला आणि पेठ ही एकाच इतिहासाची दोन अंगे होत.

या दुसऱ्या अंगाकडे लक्ष वेधणारा एक उपक्रम अलीकडे अनेक शहरांत रूढ झाला आहे. शहराविषयी आस्था असलेले काही नागरिक सुटीच्या दिवशी ठरावीक ठिकाणी जमतात, आपल्याच गावचा जुना मध्यभाग पायी हिंडून पाहतात, माहीतगारांकडून त्याची माहिती घेतात आणि छायाचित्रे काढतात. यास वारसाफेरी अथवा छायाचित्रफेरी म्हणतात. वरवर पाहता हा केवळ हौसेचा भाग वाटेल. परंतु योग्य रीतीने केल्यास त्यातून नगरपरिषद, ग्रामपंचायत, शाळा व ग्रंथालय या सर्वांच्या उपयोगी पडेल अशी नोंद तयार होऊ शकते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जुन्या पेठांच्या दृष्टीने या उपक्रमाचा विचार करणे अगत्याचे आहे.

उपक्रमाची पूर्वपीठिका

छायाचित्रणाच्या कलेची घोषणा पॅरिस येथे १८३९ साली झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत जुन्या वस्त्यांची नोंद करण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. पॅरिसमधील जुन्या अरुंद गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम सुरू असता, पाडल्या जाणाऱ्या भागांची छायाचित्रे घेण्याचे काम शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराकडे सोपविण्यात आले होते. लंडनमध्ये १८७५ साली 'ऑक्सफर्ड आर्म्स' नावाची जुनी धर्मशाळावजा खाणावळ पाडली जाणार असे कळताच काही नागरिक एकत्र आले आणि त्यांनी जुन्या लंडनच्या अवशेषांची छायाचित्रे घेण्यासाठी एक संस्थाच स्थापन केली. १८८६ पर्यंत या संस्थेने १२० छायाचित्रे प्रसिद्ध केली. ती खाणावळ वाचली नाही. परंतु तिचे चौक व सज्जे कसे होते, हे आजही सांगता येते ते या छायाचित्रांमुळेच.

मुंबईही या बाबतीत मागे नव्हती. तेथे १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षी कॅप्टन बिग्ज यांची मुंबई इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमणूक झाली. अलीकडच्या काळातील उदाहरण द्यावयाचे तर, कॅनडातील टोरांटो येथे नगरविचारक जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ २००७ पासून नागरिकांनीच चालविलेल्या पायी फेऱ्या सुरू झाल्या आणि पुढे जगातील अनेक शहरांत पसरल्या.

मुंबईच्या ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह परिसरातील अनुभव अधिक बोलका आहे. तेथील नागरिकांच्या संघटना व वास्तुतज्ज्ञ यांनी परिसरातील इमारतींचा अनेक वर्षे अभ्यास केला, त्यांची छायाचित्रे व माहिती संकलित केली आणि जागतिक वारसा यादीसाठी पाठपुरावा केला. २०१८ साली ९४ इमारतींच्या या समूहास त्या यादीत स्थान मिळाले. ज्या घरांत लोक रोज राहतात, त्या घरांनाही वारशाचे मोल असते, हे या निर्णयाने अधोरेखित झाले.

पेठ काय सांगते

जुन्या पेठेतून हिंडताना कशाकडे पाहावे, हे मालवणच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरमध्ये अशी नोंद आहे की, मालवणचे जुने गाव एके काळी बेट असलेल्या भूभागावर वसलेले होते. पुढे तो भाग मुख्य भूमीस जोडला गेला आणि नवी वस्ती जुन्या सीमेपलीकडे पसरली. राजकोटाच्या उंचवट्यावरून खाली गावाकडे पाहिले असता या नोंदीचा अर्थ उलगडू लागतो. पुस्तकातील एक ओळ पायाखालच्या जमिनीवर वाचता येणे, हाच अशा फेरीचा पहिला लाभ होय.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या दिशेची. मालवणच्या पेठेचे तोंड बंदराकडे आहे, कारण एके काळी माल व माणसे समुद्रमार्गे येत. गलबते, मचवे आणि नंतर आगबोटी यांनी या किनाऱ्यावरील गावे मुंबईशी जोडली होती. १८१२ च्या तहांन्वये मालवण बंदर करवीरकरांकडून व वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले, यावरूनही या बंदरांचे महत्त्व ध्यानात येते. पुढे आगबोटींची वाहतूक थांबली, मुंबई-गोवा महामार्गाने कणकवली व कुडाळ ही आतील गावे वाढली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर हा ओघ अधिक दृढ झाला. किनाऱ्यावरील पेठा त्यामुळे काही काळ मागे पडल्या आणि जुनी घरे पूर्वीच्याच रूपात उभी राहिली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पर्यटनाने या पेठांत पुन्हा चैतन्य आले आहे. त्याबरोबर जुन्या घरांच्या जागी नव्या इमारती उभारण्याची निकडही वाढली आहे.

तिसरी गोष्ट बांधणीची. येथील घरे जांभ्याच्या चिऱ्यांची. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्या हवेत हळूहळू कठीण होतो. छपरावरील मंगलोरी कौल उलटून पाहिले तर त्यावर बहुधा कारखान्याचे नाव ठशात उमटलेले आढळते. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली असा पहिला कारखाना काढला. त्यापूर्वीची छपरे नळीच्या कौलांची अथवा गवताची असत. एका कौलाच्या छायाचित्रावरूनही घराचा अंदाजे काळ आणि किनाऱ्यावरील व्यापाराचा मार्ग यांचा मागोवा घेता येतो.

चौथी गोष्ट नावांची. 'फोवकांडा पिंपळ' या नावात फोव म्हणजे पोहे कांडण्याचा उल्लेख आहे. 'गवंडीवाडा' एका व्यवसायाची आठवण देतो. 'भरड' हा शब्द कोकणात उंचावरील मुरमाड जमिनीसाठी वापरतात. चौकांना नवी नावे मिळत असताना अशी जुनी नावे छायाचित्राखाली लिहून ठेवणे हेही जतनच आहे.

मालवणप्रमाणेच वेंगुर्ले व सावंतवाडी येथेही अशा फेरीस भरपूर वाव आहे. वेंगुर्ल्यास १६५५ ची डच वखार आहे आणि तेथील नगरपालिका १८७६ पासूनची. सावंतवाडीचा मोती तलाव १८७४ चा. तलावाकाठचा राजवाडा आणि लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली चितार आळी ही एकाच सकाळी पायी पाहता येण्याजोगी आहेत.

किल्ल्यास संरक्षण, पेठेस काय?

सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे किल्ले केंद्र शासनाच्या संरक्षणाखाली आहेत. जुलै २०२५ मध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत या दोन्ही किल्ल्यांचा अंतर्भाव आहे. पेठेतील घराला असे कवच नसते, आणि प्रत्येक घराला ते देणे शक्य नाही, इष्टही नाही. घराचा मालक तेथे राहणारा असतो. दर पावसाळ्यापूर्वी छप्पर परतणे, वासे बदलणे, चिऱ्यांची डागडुजी करणे हा खर्च त्यालाच सोसावा लागतो. अनेक घरांचे हिस्सेदार मुंबईस असतात. अशा वेळी एखाद्याने जुने घर उतरवून नवे बांधले, तर त्यास दोष देता येणार नाही. मात्र घर उतरण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी, एवढी अपेक्षा समाजाने स्वतःकडून ठेवण्यास हरकत नसावी.

अशा नोंदीस कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार विकास योजनेत ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तू व स्थळे यांच्या जतनाची तरतूद करता येते. परंतु कोणत्या गल्लीत काय आहे, हेच कागदावर नसेल तर योजनेत त्याचा समावेश कसा होणार? संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन, तर अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी ग्रंथालये व सांस्कृतिक कार्य हे विषय नमूद आहेत. त्यामुळे हे काम स्थानिक संस्थांच्या कक्षेबाहेरचे नाही.

निसर्गही वाट पाहत नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील छपरांची, झाडांची व होड्यांची मोठी हानी केली. वादळापूर्वीचे छायाचित्र हाती असेल तर घर, पार अथवा मंदिराची पडवी मूळ स्वरूपात पुन्हा उभी करणे सुकर होते.

फेरी कशी काढावी

फेरीस पंधरा-वीसपेक्षा अधिक माणसे नसावीत. अरुंद गल्लीत मोठा जमाव रहिवाशांना त्रासदायक होतो. वेळ सकाळची उत्तम. त्या वेळी ऊन तिरपे असल्याने लाकडी खांब, कोरीव पट्ट्या व चिऱ्यांचे थर स्पष्ट दिसतात आणि पेठेतील वर्दळही कमी असते. अंतर एक ते दीड किलोमीटर पुरेसे. एका फेरीत सर्व गाव उरकण्याऐवजी एक आळी नीट पाहावी. साध्या भ्रमणध्वनीचा कॅमेरा या कामास चालतो.

प्रत्येक वास्तूची किमान तीन छायाचित्रे घ्यावीत : रस्त्यासह संपूर्ण दर्शनी भाग, दार-खिडकी-छपराचा तपशील आणि आजूबाजूचा परिसर. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे छायाचित्राखालील नोंद. दिनांक, आळीचे नाव, कोणत्या दिशेने छायाचित्र घेतले, वास्तूचा पूर्वीचा व आजचा वापर आणि माहिती सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव, एवढे लिहिले तरी पुरे. नोंद नसलेले सुंदर छायाचित्र पन्नास वर्षांनी कोडे ठरते. नोंद असलेले साधे छायाचित्र पुरावा ठरतो. दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागी उभे राहून पुन्हा छायाचित्र घेतल्यास बदलाची मालिका आपोआप तयार होते.

यासाठी स्थानिक सणांचा योग साधावा. नारळी पौर्णिमेस मालवणचे बंदर गजबजते. गणेश चतुर्थीस चाकरमानी गावी येतात, एरवी बंद असलेली घरे उघडतात आणि सर्व हिस्सेदार एका छपराखाली असतात. ट्रंकेतील जुनी कौटुंबिक छायाचित्रे पाहण्यास व त्यांतील माणसे, दुकाने ओळखण्यास याहून चांगली वेळ नाही. अशा छायाचित्रांची नक्कल करून मूळ प्रत त्याच दिवशी मालकास परत द्यावी.

मर्यादांचे भान

पेठ हे प्रदर्शन नव्हे. पणजीच्या फोंतैन्यश भागातील रंगीत घरांपुढे छायाचित्रांसाठी होणाऱ्या गर्दीमुळे रहिवासी त्रस्त झाले आणि घरांवर मनाईचे फलक लावण्याची पाळी आली. हा अनुभव सिंधुदुर्गात टाळता येण्यासारखा आहे. कोणाच्या ओटीवर अथवा अंगणात विचारल्याविना जाऊ नये. मासळीबाजारात बसणाऱ्या स्त्रियांची, तसेच मुलांची छायाचित्रे परवानगीविना घेऊ नयेत. देवळाचे नियम पाळावेत. घराची मोडकळीस आलेली बाजू टिपून मालकास लाज वाटेल अशी प्रसिद्धी देऊ नये. ज्यांच्या घराचे छायाचित्र घेतले, त्यांना एक प्रत नेऊन द्यावी. पुढच्या वर्षी तेच दार आनंदाने उघडले जाते.

शाळा, ग्रंथालय आणि स्थानिक संस्था

संविधानातील मूलभूत कर्तव्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करण्याचा समावेश आहे. इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आळीतील पाच जुन्या वास्तूंची नोंद केली, तर इतिहास, भूगोल व भाषा या तिन्ही विषयांचा तो प्रत्यक्ष पाठ ठरेल. शिक्षकांनी नोंदीचा एक साधा तक्ता तयार करून दिल्यास सर्वांची माहिती एकसारखी राहते.

संकलित छायाचित्रे व्यक्तीच्या भ्रमणध्वनीत राहिली तर यंत्राबरोबरच नष्ट होतात. त्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात : एक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयात, दुसरी नगरपरिषदेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या दप्तरी. निवडक छायाचित्रे नोंदींसह कागदावर छापून एका वहीत लावावीत. वर्षातून एकदा, १८ एप्रिलच्या जागतिक वारसादिनी, ही वही गावापुढे मांडावी. वडीलधारी माणसे त्यातील चुका दुरुस्त करतील आणि नवी माहिती पुरवतील.

या उपक्रमासाठी वेगळे अनुदान, इमारत वा यंत्रसामग्री लागत नाही. एक आळी, एक सकाळ, दहा-पंधरा उत्साही माणसे आणि नोंदीची एक वही एवढ्यावर प्रारंभ करता येतो. प्रत्येक घर टिकविणे कोणाच्याच हाती नाही. पण प्रत्येक घराची आठवण विश्वसनीय स्वरूपात पुढील पिढीच्या हाती देणे गावाच्या आवाक्यातील आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जुन्या पेठेत निदान एक अशी फेरी निघाली, तरी त्या कामाचा पाया घातला गेला असे म्हणता येईल.